पोर्तुगीज पासपोर्टची कामं करणाऱ्या एजंट मंडळींना खुलं पत्र

पणजी, म्हापसा, मडगाव, दमण आणि मुंबईत पोर्तुगीज नागरिकत्वाच्या फायली चालवणाऱ्या सर्व एजंट, वकील आणि सल्लागार मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

माझ्या बाबांची फाइल तुमच्यापैकी एकाच्या कपाटात आहे. कोणाच्या ते लिहीत नाही, कारण त्यांनी जे सांगितलं तेच मी विचारलं तिथे सगळीकडे ऐकलं, जवळपास त्याच शब्दांत. "काकांना काहीच करायचं नाही. ते जन्मापासून पोर्तुगीज आहेतच. आपण फक्त लिस्बनच्या दप्तरात नाव चढवतोय. इथलं काही जात नाही." मुखत्यारपत्रावर सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्याही मारून ठेवल्या होत्या. बाबांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "माका मत घालूक मेळतला मां?" उत्तर आलं, "त्याची चिंता तुम्ही नका करू, काका."

बाबांनी सही केली नाही. त्यांना चिंता करायची होती.

आमची हकीकत थोडक्यात सांगते, म्हणजे आमची फाइल कोणत्या खणातली ते तुम्हाला लगेच कळेल. आजोबा पेडण्याचे, जन्म १९२४. लग्न १९५० साली, गोव्यातच, रजिस्ट्रारसमोर सह्या करून. नोकरी मात्र मुंबईत, त्यामुळे बाबा १९५५ मध्ये गिरगावात जन्मले. त्याच वर्षी भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध तुटले. मुलाचा जन्म पोर्तुगीज दप्तरात नोंदवावा असं आजोबांच्या मनातही आलं नसणार, आलं असतं तरी नोंदवायचं कुठे? आजोबा-आजी दोघंही आता नाहीत. माझा भाऊ पुण्यात आयटीत आहे आणि त्याला युरोपात जायचं आहे. जर्मनी, नेदरलँड्स, जिथे काम मिळेल तिथे. ब्रेक्झिटनंतर पोर्तुगीज पासपोर्टवर थेट स्विंडन किंवा साउथॉल गाठायची सोय संपली, पण बाकीचं युरोप आहेच. म्हणजे गरज भावाची, कागद आजोबांचे आणि सही बाबांची. तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फायलींची मांडणी अशीच असते, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक.

तुमच्यावर नुसतं तोंडसुख घ्यायला बसलेली नाही. तुमच्या धंद्यात जी विद्या आहे ती मी पाहिली आहे आणि मला तिचं कौतुक वाटतं. गोव्यात नागरी नोंदणी १९१४ पासून सुरू झाली, त्यामुळे आजोबांचा जन्म दप्तरात असणार हे तुमच्या माणसाने वर्ष ऐकताच सांगितलं. तालुका पेडणे म्हटल्यावर कोणत्या दप्तरात बघायचं, जुने बाड पणजीच्या पुराभिलेख खात्यात गेले का, हेही त्याला तोंडपाठ. जन्मनोंदीची पूर्ण नक्कल, तुमच्या भाषेत 'तेओर', हातात आली तेव्हा मला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. नाईक नावाच्या शेवटी क्यू-यू-ई, शंकरच्या सुरुवातीला एक्स, गावाचं नाव तर ओळखूच येईना. त्याने बोट ठेवून वाचून दाखवलं. पहाटे चारला जन्म, वडिलांचा धंदा, आईचं नाव, आणि मग दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं. आमच्या घरात कुणालाच माहीत नसलेल्या चार माणसांची नावं बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. ती त्यांनी आपल्या वहीत देवनागरीत उतरवून घेतली आणि दुपारभर फोनवर चुलतभावांना सांगत बसले. तेवढ्यासाठी दिलेले पैसे वसूल झाले असं मी मानते.

मुंबईच्या बाजूचा कागद याहून चिवट निघाला. बाबांच्या महापालिकेच्या जन्मनोंदीत बाळाचं नावच नाही, फक्त 'मुलगा'. त्या काळच्या पुष्कळ नोंदी अशाच आहेत. बारशाआधी नोंद व्हायची आणि नंतर नाव कळवायला कोणी जायचं नाही. शाळेचा दाखला जोडून नाव चढवून घेतलं, मग अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, मग पोर्तुगीज भाषांतर. या सगळ्याचा क्रम तुम्ही नीट सांगितला: आधी आजोबांचा जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात उतरवायचा, माणूस हयात नसला तरी वारसांसाठी ते करता येतं. मग आजी-आजोबांचं लग्न. मग बाबांचा जन्म. बाबा अल्पवयीन असतानाच आजोबांचं पितृत्व कागदोपत्री ठरलेलं होतं हे लग्नाच्या जुन्या नोंदीवरून दाखवायचं. कारण मूल सज्ञान झाल्यावर ठरलेलं नातं पोर्तुगीज नागरिकत्वासाठी सहसा चालत नाही. इतकी बारीक अट ज्या माणसाला ठाऊक आहे, त्याला भारताच्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ ठाऊक नाही यावर माझा विश्वास बसत नाही.

"जन्मापासून पोर्तुगीज आहेतच" या वाक्याबद्दल पहिलं भांडण. पोर्तुगालच्या नजरेतून ते खरं आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले मानतो. भारताचं इथलं सार्वभौमत्व त्यांनी करार करून मान्य केलं तेही ३१ डिसेंबर १९७४ रोजी, तिथली सालाझारची हुकूमशाही कोसळल्यावर. अशा माणसाचं मूल कुठेही जन्मो, नोंद झाली की तेही जन्मापासूनचं पोर्तुगीज ठरतं. पण भारताने आपला हिशेब वेगळा केला. २८ मार्च १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेशाने २० डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना, किंवा ज्यांचे आईवडील वा आजी-आजोबा तिथे जन्मले त्यांना, भारतीय नागरिक ठरवलं. ज्यांना जुनं नागरिकत्व ठेवायचं त्यांनी एका महिन्यात लेखी कळवायचं होतं. आजोबांनी काही कळवलं नाही. म्हणून ते भारतीय.

आणि बाबा? त्यांना तो आदेशही लागत नाही. २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस इथला नागरिक जन्मानेच होतो. 'मी तर सालाझारच्या राज्यात जन्मलो, माझ्यावर भारतीयत्व नंतर आलं' असं म्हणण्याची जी थोडीफार जागा पेडण्यात जन्मलेल्या म्हाताऱ्याला आहे, ती गिरगावात जन्मलेल्या माझ्या बाबांना नाही. तुम्ही मात्र दोघांना एकच वाक्य ऐकवता.

आता कलम ९. आपली घटना आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दोन्ही सांगतात की भारतीय नागरिकाने स्वेच्छेने परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. अर्ज करून सोडावं लागत नाही, कोणी आदेश काढावा लागत नाही, आपोआप जातं. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाहीच. आणि नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात आणखी एक वाक्य आहे, ते माझ्या मते तुमच्या प्रत्येक कार्यालयात भिंतीवर लावायला हवं: परक्या सरकारचा पासपोर्ट ज्या तारखेला मिळाला, त्या तारखेपूर्वीच त्या माणसाने ते नागरिकत्व स्वेच्छेने घेतलेलं होतं याचा तो निर्णायक पुरावा मानला जाईल.

'त्या तारखेपूर्वीच' म्हणजे कधी? लिस्बनच्या दप्तरात नाव चढलं तेव्हा? ओळखपत्र काढलं तेव्हा? नुसती नोंद झाली आणि पासपोर्ट कधी काढलाच नाही, तर? गोव्यात यावर आमदारांच्या निवडीपर्यंत प्रश्न गेले आहेत. कुणाचं नागरिकत्व गेलं की नाही याचा निर्णय त्याच कलमाच्या पोटकलमाने केंद्र सरकारकडे दिलेला आहे. म्हणजे 'नुसत्या नोंदीने काही होत नाही' अशी खात्री देण्याचा अधिकार तुमच्यापैकी कोणालाच नाही. 'यावर वाद आहे, निर्णय दिल्लीचा असतो' एवढंच तुम्हाला सांगता येईल. ते सांगितलं तर गिऱ्हाईक बिचकेल, हे मला समजतं. सत्तरीच्या माणसाने अशा कागदावर सही करण्याआधी थोडं बिचकलेलं बरंच असतं.

यातूनच तो पासपोर्टचा गोंधळ झाला. तुम्ही त्याचे साक्षीदार आहात आणि तुमच्यापैकी काही जण कर्तेही. नोंद झालेल्या माणसाला तुम्ही सांगत आलात की भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन लिस्बनला जा, तिथे ओळखपत्र आणि पासपोर्ट काढ, मग सवडीने इथला पासपोर्ट जमा कर. पासपोर्ट कार्यालयाच्या दृष्टीने पोर्तुगीज झाल्यानंतर भारतीय पासपोर्टवर केलेला तो प्रवास म्हणजे माहिती लपवणं. २०२२ च्या अखेरीस दिल्लीहून सूचना आल्या आणि गोव्यात अनेकांच्या हातात 'जमा केल्याच्या' दाखल्याऐवजी 'रद्द केल्याचा' दाखला पडला. एका शब्दाच्या फरकाने ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड, अडलं, कारण त्या अर्जाला जमा केल्याचा दाखला लागतो. एप्रिल २०२४ मध्ये रद्द केल्याचा दाखलाही चालेल असा दिलासा जाहीर झाला आणि काही आठवड्यांतच तो मागे घेतला गेला. मधल्या मध्ये लोंबकळलेली माणसं कोण होती? बहुतेक अशी, ज्यांनी तुम्ही सांगितलेल्या क्रमाने सगळं केलं होतं.

दिल्लीवर माझा राग नाही असं नाही. नागरिकत्व कायद्यातच ओसीआयसाठी पात्र लोकांच्या यादीत '१५ ऑगस्ट १९४७ नंतर भारताचा भाग झालेल्या प्रदेशातला माणूस' असा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे गोवेकर आणि पुदुच्चेरीकर कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते. अंतोनियो कोस्ता पोर्तुगालचे पंतप्रधान असताना जानेवारी २०१७ मध्ये त्यांना भारताने सन्मानाने ओसीआय कार्ड दिलं. मूळ गोव्याचे, मडगावात घराणं, आनंदच आहे. पण मडगावातच राहिलेल्या म्हाताऱ्याचं कार्ड मात्र दाखल्यावरच्या एका शब्दापायी अडतं. हे गाऱ्हाणं मात्र मंत्रालयाला लिहायचं, आणि मी ते वेगळं लिहीन. तुम्हाला एवढंच विचारते, की नियम असे डुगडुगते आहेत हे ठाऊक असताना तुम्ही गिऱ्हाइकासमोर इतक्या ठाम आवाजात कसे बोलता?

ओसीआय मिळालं तरी काय मिळतं आणि काय नाही, हेही तुम्ही हात झटकून सांगता. 'आजन्म व्हिसाच तो, काही फरक पडत नाही.' बाबांना पडतो. मत देता येत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही. यातलं दुसरं ते करणार नव्हतेच, पहिलं मात्र त्यांनी कधी चुकवलेलं नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआयवाल्याला घर, गाळा घेता येतो, पण शेतजमीन, फार्महाऊस, मळा विकत घेता येत नाही. आता आमच्या गावी काजूच्या बागेत बाबांचा हिस्सा आहे आणि शेजारचा तुकडा चुलतभाऊ विकायला काढतोय. बाबांना तो घ्यायचा आहे. बाग एकसंध राहावी म्हणून गेली कित्येक वर्षं ते त्या भावाच्या मागे लागलेत. तुमच्या टेबलावर बसून कुणी त्यांना 'तुमच्या नावावर शेतजमीन आहे का, घ्यायची आहे का' असं विचारलं नाही. मुंबईचा माणूस म्हटल्यावर शेत कुठलं, असं गृहीत धरलं असावं.

आणि उद्या वाटलं, नको बाबा, परत भारतीय व्हायचं, तर? वाट आहे, पण लांबची. ओसीआय म्हणून पाच वर्षं झालेली असावी लागतात, अर्जाआधी बारा महिने इथे सलग राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज आणि मग सरकारची मर्जी. पंचविशीतल्या पोराला पाच वर्षं म्हणजे काही नाही. बाबा सत्तरीचे आहेत.

आता माझं खरं भांडण. वर सांगितलेलं सगळं निदान वादाचं, अर्थ लावण्याचं आहे. हे तसं नाही.

पोर्तुगालच्या नागरिकत्व कायद्यात नातवंडांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. आजी किंवा आजोबा मूळचे पोर्तुगीज असतील आणि त्यांनी ते नागरिकत्व गमावलेलं नसेल, तर नातू स्वतः 'मला पोर्तुगीज व्हायचं आहे' असं निवेदन करून अर्ज करू शकतो. त्याला पोर्तुगीज भाषा पुरेशी येते हे दाखवावं लागतं आणि गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली असता कामा नये. मधली पिढी नोंदवलेली असलीच पाहिजे, असं त्या तरतुदीत नाही. म्हणजे आमच्या घरात आजोबांचा जन्म लिस्बनला उतरवायचा आणि तिथून थेट भावाने अर्ज करायचा. बाबांना हातही लावायचा नाही. त्यांचं मत, त्यांचा पासपोर्ट, त्यांची काजूची बाग, सगळं जिथल्या तिथे.

हे मला तुमच्यापैकी एकानेही सांगितलं नाही. मी कायद्याचा मजकूर मिळवून वाचला, विचारलं, तेव्हा उत्तर आलं, "हो, तसंही होतं, पण भाषेची परीक्षा असते, ते झंझट कशाला? वडिलांच्या नावाने सोपं जातं." कुणाला सोपं? भावाला ए-टू पातळीचं पोर्तुगीज शिकायला लागलं असतं. म्हणजे दुकानात, कचेरीत, शेजाऱ्याशी जेमतेम बोलता येईल इतपत. ज्याला त्या देशाचा नागरिक व्हायचं आहे त्याने तेवढी भाषा शिकणं हे झंझट, आणि ज्याला कुठेही जायचं नाही त्या बापाने आपलं नागरिकत्व पणाला लावणं हे सोपं! शिवाय वडिलांच्या मार्गाने एक फाइल जास्त होते, एक भाषांतर जास्त, एक फी जास्त. मी हे मुद्दाम म्हणतेय असं वाटत असेल तर तुमचं दरपत्रक समोर ठेवा, आपण दोन्ही मार्गांची बेरीज करू.

मान्य आहे, नातवाचा मार्ग सगळ्यांना लागू नाही. एखाद्याला आईवडिलांनाही बरोबर न्यायचं असतं. कुणाला चौथी पिढी जोडायची असते. कुणाच्या आईलाच मनापासून जायचं असतं, मुलगी तिकडे आहे, नातवंडं तिकडे आहेत, इथल्या मताचं आणि जमिनीचं तिला सोयरसुतक नसतं. तिने खुशाल नोंदवावं, मी तिची कागदपत्रं उचलायला बरोबर येईन. पोर्तुगालचा हा कायदा वारंवार बदलतोही, त्यामुळे ज्या दिवशी अर्ज करायचा त्या दिवशीचा मजकूर वाचायलाच हवा. पण दोन वाटा असताना एकच दाखवायची आणि तीही जिच्यात म्हाताऱ्याचं जास्त जातं, याला सल्ला म्हणत नाहीत.

एका टोमण्याचं उत्तर मात्र तुमच्यासाठी नाही, आमच्या नातेवाइकांसाठी आहे, ते इथेच देऊन टाकते. ही गोष्ट घरात कळल्यावर एका आत्याने बाबांना पत्रादेवीची आठवण करून दिली. १५ ऑगस्ट १९५५ ला ज्या पत्रादेवीच्या हद्दीवर सत्याग्रही गोळ्या खाऊन पडले ती आमच्याच पेडण्यात, आणि बाबांचा जन्म त्याच सालचा. 'त्यांनी रक्त सांडून घालवले, तुम्ही अर्ज करून परत बोलावताय.' बाबा दोन दिवस गप्प होते. मला हा हिशेब पटत नाही. सत्याग्रही एका हुकूमशाही राजवटीविरुद्ध गेले होते. आजचं पोर्तुगाल त्या राजवटीला स्वतः उलथवून उभं राहिलेलं आहे, आणि पोटापाण्यासाठी परदेशी जाणं गोव्याला काल-परवाचं नाही. नागरिकत्व बदलावं की नाही हा बाबांचा प्रश्न आहे, हुतात्म्यांना त्यात साक्षीला उभं करू नये. पण आत्याच्या टोमण्याचं एक बरं झालं. 'फक्त दप्तरात नाव' हे तुमचं म्हणणं घरात एकाही माणसाला फक्त नाव वाटलं नाही, हे तेव्हा कळलं.

मग माझं मागणं काय? मोठं काही नाही. मुखत्यारपत्र पुढे सरकवण्याआधी एक पान मराठीत आणि कोंकणीत द्या. त्यावर कलम ९ काय म्हणतं, तिसऱ्या परिशिष्टातलं ते वाक्य, मत आणि शेतजमीन यांचं काय होतं, आणि नुसत्या नोंदीच्या परिणामाबद्दल वाद आहे, हे छापलेलं असू द्या. खाली अर्जदाराने वाचल्याची सही घ्या, तुमचीही करा. उद्या अंगाशी आलं तर ते पान तुम्हालाही वाचवेल. पोर्तुगीजमधल्या मुखत्यारपत्रात नेमके कोणते अधिकार लिहिलेत ते अर्जदाराला वाचून दाखवा. नुसती जन्मनोंद करण्याचे, की ओळखपत्र आणि पासपोर्ट मागण्याचेही? आमच्या मसुद्यात दोन्ही होते. पोर्तुगीज नागरिकत्व मिळाल्यावर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायला सांगणं आजपासून बंद करा. मूळ तेओर आणि लग्नाची नक्कल फाइल सोडली तरी गिऱ्हाइकाला परत द्या, पूर्ण फी भरेपर्यंत अडकवून ठेवू नका. ती कागदपत्रं त्याच्या घरची आहेत. आणि म्हातारा माणूस एकटा आत असताना बाहेर बसलेल्या मुलाकडे बघून बोलू नका. अर्ज ज्याच्या नावाने आहे त्याच्याशी बोला.

तुमच्यातले जे आधीपासूनच असं वागतात, ते असतीलच, त्यांनी हे पत्र मनाला लावून घेऊ नये. उलट पुढे येऊन सांगावं, म्हणजे लोकांना कळेल कुठे जायचं. या धंद्यात खोट्या जन्मनोंदी विकणारेही शिरलेले आहेत आणि प्रकरणं पोलिसांपर्यंत गेलेली आहेत. सरळ काम करणाऱ्यांनी आपलं वेगळेपण दाखवण्याची हीच वेळ आहे.

आमच्यापुरतं ठरलं ते असं: आजोबांच्या जन्माची आणि लग्नाची नोंद लिस्बनला करायची आहेच, ते काम आम्ही देणार. बाबांचं पान फाइलमधून काढून घेतो आहोत. पुढे त्यांना स्वतःला वाटलं तर ते स्वतः सांगतील, वाट बंद झालेली नाही. भावाने पोर्तुगीजच्या वर्गाची चौकशी सुरू केली आहे आणि परीक्षा झाली की तो नातू म्हणून अर्ज करील. या क्रमाने फाइल चालवायला ज्यांची तयारी आहे त्यांनी दोन्ही टप्प्यांचे दर वेगवेगळे लिहून पाठवावेत, आणि मुखत्यारपत्राचा मसुदा मराठी भाषांतरासह आधी द्यावा. कपाटातली फाइल घ्यायला मी येत्या आठवड्यात येते आहे. मूळ कागद मोजून घेईन आणि तशी पोच देईन.

आपली,
पेडण्याच्या एका मुंबईकराची मुलगी, डोंबिवली